लाकडी घाणा टाकायचा आहे : आधी पूर्ण योजना, की करत करत शिकायचं?

शंतनू_बार्शी
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा.

मी पिंपरीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. घरची शेती बार्शी तालुक्यात, वडील भुईमूग आणि करडई करतात. गावाला रस्त्यालगत आमचं पत्र्याचं शेड रिकामं पडून आहे. तिथे लाकडी घाणा टाकून शेंगदाणा तेल काढायचं आणि बाटलीत भरून पुण्यात ऑनलाइन विकायचं, असं मनात आहे. प्रकल्प १४ लाखांचा : दोन घाणे, गाळणी, स्टीलच्या टाक्या, बाटल्या भरायचं यंत्र, शेडची दुरुस्ती. त्यात खेळतं भांडवल दीड लाख धरलंय.

एका लिटरचा हिशोब असा : अडीच किलो शेंगदाणे, १२५ रुपये दराने ३१२. पेंड साधारण १.४ किलो निघते, ती ४५ ने गेली तर ६३ परत. म्हणजे दाण्याचा खर्च २४९. बाटली, लेबल, खोकं २२. वीज आणि मजुरी १८. एकूण २८९. विक्री ३६० ने. लिटरमागे ७१ रुपये. रोज ४० लिटर, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे महिना ७१ हजार.

बँकेसाठी पाच वर्षांचा प्रकल्प अहवाल करून घेतलाय. त्यात दरवर्षी नफा वाढतच जातो. पण ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी धंदा काढला, त्यातल्या एकाचाही पहिल्या आराखड्याप्रमाणे चालला नाही. म्हणून विचारतो : किती ठरवायचं, किती मोकळं ठेवायचं? आणि योजना बदलायची वेळ आली हे ओळखायचं कसं?

रेवती_क
तुमच्या हिशोबात सगळं आहे, गिऱ्हाईक कुठे आहे? पुण्यात कोण घेणार, त्यांची नावं लिहून काढा. वीस तरी होतात का बघा.

शंकासुर
मला मुळातच शंका आहे. दुकानात रिफाइंड तेल निम्म्या भावात मिळतं. लाकडी घाण्याची लाट आली तेव्हा आमच्या सोलापुरात गल्लोगल्ली घाणे निघाले, त्यातले बरेच आता बंद दिसतात. नोकरी सोडू नका एवढंच सांगेन.

तेलीआळी
शंतनू, तुमचा हिशोब मन लावून वाचला. आमच्या घरात तीन पिढ्या घाणा होता. आजोबांचा बैलाचा, संत संताजी जगनाडे महाराजांची तसबीर लावलेला. एक्स्पेलर गिरण्या आल्या आणि तो बंद पडला. मी पुन्हा सुरू केला तो विजेवरचा. त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ४० लिटरला दोन घाणे कशाला? ४० लिटर म्हणजे १०० किलो दाणे. एका घाण्यात एका वेळी पंधरा किलोचा घाणा, म्हणजे एक खेप, पडतो, पाऊण तास ते पन्नास मिनिटं लागतात. दिवसाला सात घाणे काढले की तुमचे १०० किलो संपले. एकाच घाण्याचं काम आहे हे. दुसरा घाणा गिऱ्हाईक दारात थांबायला लागल्यावर घ्या.

दुसरी आणि मोठी गोष्ट खेळत्या भांडवलाची. रोज १०० किलो, महिना अडीच टन. १२५ च्या भावाने महिन्याला तीन लाखांच्या वर नुसते दाणे. भुईमूग काही बारा महिने एका भावात मिळत नाही. खरिपाचा माल दिवाळीच्या आगेमागे येतो, तेव्हा घेऊन ठेवावा लागतो. सहा महिन्यांचा घ्यायचा म्हटलं तर १५ टन, म्हणजे पावणेएकोणीस लाख. तुमचा सगळा प्रकल्प १४ लाखांचा आणि दाणाच १९ लाखांचा! दीड लाखात जेमतेम दोन आठवडे निघतात. घाणे बंद पडतात ते इथे. यंत्र चांगलं असतं, तेल चांगलं असतं, पण जानेवारीनंतर दाणा घ्यायला पैसा नसतो. शंकासुर म्हणतात ते बंद घाणे त्यातलेच असणार.

तिसरी, तेल गाळून लगेच बाटलीत भरू नका. टाकीत दोन-तीन दिवस निवळू द्या. गाळ राहिला की वास लवकर बदलतो आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

ताळेबंद
तेलीआळींनी नेमकं बोट ठेवलं. मी सीए आहे, असे अहवाल माझ्याही टेबलावरून जातात. बँकेचा अहवाल आणि आपली योजना हे दोन वेगळे कागद आहेत. बँकेला हप्ता फिटेल का एवढंच बघायचं असतं. तुम्हाला मात्र दर महिन्याच्या एक तारखेला हातात किती रोकड असेल, हे बघायचं आहे. पाच वर्षांचा नफा बाजूला ठेवा आणि बारा महिन्यांचा रोकड तक्ता मांडा. ऑक्टोबरात किती दाणा घेतला, मार्चमध्ये किती उरला, दुकानदाराकडे किती उधारी अडकली, हप्ता किती. त्यात ज्या महिन्यात आकडा शून्याखाली जातो, तिथे तुमची योजना तुटते.

अनुदानाबद्दल गैरसमज फार, म्हणून लिहितो. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची पीएमएफएमई योजना २०२० मध्ये आली. पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. स्वतःचे किमान १० टक्के घालावे लागतात, बाकी कर्ज. पण अनुदान तुमच्या हातात खेळवायला येत नाही. ते बँकेत वेगळ्या खात्यात राहतं आणि कर्जखातं नीट चालू असेल तर तीन वर्षांनी कर्जात वळतं होतं. पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगारनिर्मितीच्या योजनेतही तीन वर्षांची अट आहे. दाणा घ्यायला त्याचा उपयोग शून्य. आणि जागेची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. अर्ज करण्याआधी योजनेची सध्याची स्थिती तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. अर्ज भरून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती असतात, त्यांना सरकारकडून मानधन मिळतं. कोणी तुमच्याकडे टक्केवारी मागितली तर सरळ नाही म्हणा.

प्राजक्ता७९
शंतनूदादा, आमचा साताऱ्याकडे बचत गट आहे, मसाले आणि चटण्या करतो. योजना बदलण्याबद्दल विचारलंत म्हणून लिज्जतची गोष्ट सांगते, कारण आम्ही नव्या बायकांना तीच सांगतो. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. पावसाळा आला आणि पापड वाळेनात, चार महिने काम बंद. पुढच्या वर्षी त्यांनी खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. काम पावसातही चाललं. पुढे त्यांनी काड्यापेटी, अगरबत्तीही करून बघितली. ते चाललं नाही, सोडून दिलं. पापडाचा दर्जा मात्र कधी सोडला नाही.

आम्हीही तेच करतो. तिखटाचा रंग आणि चव पक्की, बाकी पाकीट केवढं, विकायचं कुठे, हे दर हंगामाला बदलतं. सुरुवातीला पाव किलोची पाकिटं होती. गावातल्या बायका म्हणाल्या, एवढं एकदम घेत नाही आम्ही. मग ५० ग्रॅम काढलं, तेच सगळ्यात जास्त जातं.

बेळगावकर
प्राजक्ताताई, छान लिहिलंत. आमच्याकडचं उदाहरण देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. मग कडबा कापायची यंत्रं केली, मग लोखंडी नांगर. नांगर तयार झाला तो १९०३ चा सुमार. पण शेतकरी हात लावेनात. लोखंडाने जमीन विषारी होते अशी समजूत होती. माल उत्तम असून पडून राहिला. ते थांबले, लोकांना पटवत राहिले, नांगरात सुधारणा करत राहिले. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना नेला, तीच किर्लोस्करवाडी.

माझा मुद्दा असा की गिऱ्हाईक लगेच आलं नाही म्हणून योजना बदलायचीच असं नाही. नांगर सोडून ते परत सायकलींकडे गेले असते तर? कधी बदलायचं यापेक्षा कधी बदलायचं नाही, हे जास्त अवघड आहे.

शंकासुर
बेळगावकर, किर्लोस्करांच्या मागे औंधचे राजे होते. शंतनूच्या मागे बँकेचा हप्ता आहे. कळ काढायलाही पैसा लागतो.

बेळगावकर
मान्य. म्हणून तर ताळेबंदांचा रोकड तक्ता आधी. तक्त्यात किती महिने दम निघतो ते कळलं, की तेवढे महिने तरी डगमगायचं नाही.

निवती_बंदर
माका पण थोडा बोलाचा आसा. आमी कुडाळाकडचे, कोकमाचा करतो. पुढचं सगळ्यांना समजेल असं लिहितो.

आमची योजना होती आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाच्या, देखण्या बाटल्या, मुंबईच्या दुकानांत. दुकानदार माल ठेवून घ्यायचे, पैसे विकल्यावर. काचेची बाटली वाटेत फुटायची, तो तोटा आमचा. पण त्याच काळात दोन-तीन खानावळवाले येऊन म्हणाले, बाटली नको, कॅनमध्ये आगळ द्या, सोलकढीला रोज लागतं. आम्ही आधी नको म्हणत होतो, कारण कॅनवर आपलं नाव दिसत नाही. बायकोने एका रात्री दोन्हीचा हिशोब शेजारी शेजारी मांडला. कॅनमध्ये लिटरमागे नफा कमी, पण पैसे आठवड्याला हातात आणि फूट नाही. आज बहुतेक माल कॅनने जातो, बाटल्या फक्त मे महिन्यात पाहुणे येतात तेव्हा.

कधी बदलायचं ते कसं ओळखायचं, असं विचारलंय ना? तुम्ही न विकलेली वस्तू लोक तुमच्या दारात येऊन मागायला लागले, तर ती ऐका. एकाने मागितली तर ऐकून घ्या, तिसऱ्याने मागितली तर हिशोब मांडा.

तेलीआळी
निवतीकर, अगदी बरोबर. आणि शंतनू, घाण्याच्या धंद्यात दारात येऊन मागतात ते गाळप. लोक घरचे शेंगदाणे, तीळ, करडई घेऊन येतात, डोळ्यांसमोर तेल काढून नेतात. तुम्ही दाणा विकत घ्यायचा नाही, भाव पडला-चढला त्याची काळजी नाही, बाटली नाही, लेबल नाही. किलोला २० रुपये मजुरी धरली तर रोज १०० किलोचे दोन हजार, महिन्याला ५० हजार. त्यातून वीज आणि माणूस वजा करा. तुमच्या ७१ हजारांपेक्षा कमी, पण त्या ७१ साठी तीन लाखांचा दाणा सतत अडकलेला असतो. बरेच लोक पेंड घेऊन जातात, कोणी ठेवून जातं. लाकडी घाण्याच्या पेंडीत तेल जास्त राहतं, दूधवाले आवडीने नेतात.

फक्त तुमच्याकडे भुईमूग पिकवणारे आसपास किती आहेत ते आधी फिरून बघा. शहरातल्या घाण्याला गाळप मिळत नाही, गावच्या घाण्याला मिळतं. तुमचं शेड गावात आहे, ही तुमची जमेची बाजू. पुण्याच्या योजनेत तुम्ही तिचा उपयोगच केलेला नाही.

रेवती_क
+१. आणि समोर तेल निघताना बघितलेलं गिऱ्हाईक दहा जणांना सांगतं.

मीनल_शारजा
तुमचं तेल शारजाला पाठवता येईल का? इथे मराठी मंडळी खूप आहेत. मी दहा लिटर घेईन! धाग्याचा विषय भरकटवत नाही, पण चटणीवर कच्चं शेंगदाणा तेल खाऊन युगं झाली.

तेलीआळी
मीनलताई, चटणीवर कच्चं तेल म्हटलंत तर ते करडईचं हवं! शेंगदाण्याचं फोडणीला.

मीनल_शारजा
आमच्याकडे सोलापुरी शेंगाचटणी, तिच्यावर शेंगदाण्याचंच. यावर तडजोड नाही. :)

ताळेबंद
शारजा राहू दे, आधी कर्नाटक बघा. परराज्यात माल पाठवायचा तर उलाढाल कितीही कमी असो, जीएसटी नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत सूट आहे, पण ऑनलाइन मंचावरून विकायचं असेल तर त्याचे वेगळे नियम आहेत, ते विचारून घ्या. खाद्यतेलावर जीएसटी ५ टक्के. लहान उद्योगांची 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आहे आणि मोफत आहे, कोणालाही पैसे देऊ नका.

आणखी तीन गोष्टी. सुटं खाद्यतेल विकायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे स्वतःचं तेल विकायचं तर सीलबंदच. गाळपालाही अन्नसुरक्षेची नोंदणी हवीच. आणि लेबलवर 'कोलेस्टेरॉल फ्रेंडली', 'हृदयाला हितकारक' असलं काही छापू नका, खाद्यतेलाच्या वेष्टनावर अशा अतिशयोक्तीला नियमांत सरळ मनाई आहे. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, मग आपल्याच तेलात नाही असं मिरवणं गिऱ्हाईकाशी खरं वागणं नव्हे.

प्राजक्ता७९
आणि लिटर-किलोचा घोळ! एक लिटर शेंगदाणा तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं. गाळपाला आलेला माणूस किलोत विचारतो, दुकानवाला लिटरमध्ये. दर लावताना दोन्ही लिहून ठेवा, नाहीतर भांडणं होतात.

पोपटराव_अभियंता
वीजजोडणी औद्योगिक दराची मागा, व्यापारी दराने घेऊ नका. फरक मोठा आहे आणि तेलघाणा औद्योगिक वर्गात बसतो. गावात थ्री फेज किती तास असतो ते आधी लाइनमनला विचारा. सात घाण्यांचा हिशोब सहा तास सलग वीज मिळेल तरच खरा. तुम्ही मेंटेनन्सचे आहात, हे तुमच्या आधीच लक्षात आलं असेल.

शंकासुर
गाळपाची कल्पना मला पटली, हे नोंदवून ठेवतो. १४ लाखांच्या बाटल्यांची अजून पटलेली नाही.

शंतनू_बार्शी
सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला वेळ घेतला, कारण ताळेबंद म्हणाले तसा बारा महिन्यांचा तक्ता वडिलांसोबत बसून मांडला. जुन्या योजनेत जानेवारीतच रोकड संपते. तेलीआळींचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. बँकेच्या अहवालात हे कुठेच दिसत नव्हतं, कारण तिथे सगळं वर्षाच्या शेवटी मोजलंय.

मग गावात आणि आसपासच्या वाड्यांवर फिरलो. भुईमूगवाले आहेत, पण लोकांनी मला जास्त विचारलं ते करडईचं. घरची करडई आहे, गाळायला कुठे न्यायची? लांब जावं लागतं म्हणून व्यापाऱ्याला घालतात आणि घरात पिशवीतलं तेल आणतात. म्हातारी माणसं तर म्हणाली, तू घाणा टाक, आम्ही परत करडई पेरू. हे माझ्या कागदावर नव्हतंच.

तर आता असं ठरतंय : एकच घाणा. बाटल्या भरायचं यंत्र नाही. पहिला हंगाम फक्त गाळप, शेंगदाणा आणि करडई दोन्ही. नोकरी चालू, वडील आणि चुलतभाऊ घाणा बघतील, मी सुट्टीला. कर्ज निम्म्याहून कमी लागेल. अनुदानासाठी अर्ज करणार, पण ते मिळालंच नाही तरी हप्ता निघेल असाच आकडा धरलाय. घरच्या दाण्याचं थोडं तेल सीलबंद करून पुण्यातल्या ओळखीच्यांना देऊन बघेन. रेवतीताई, यादीत सव्वीस नावं झाली.

रेवती_क
वा! म्हणजे मी लिहिलेल्या दोन ओळी कामी आल्या.

तेलीआळी
शंतनू, हिशोब बसतोय. पण करडईबद्दल सावध करतो. करडईचं टरफल कडक, टरफलासकट गाळली तर उतारा शेंगदाण्यापेक्षा बराच कमी आणि घाण्याची झीज जास्त. २० रुपये किलो मजुरी करडईला परवडणार नाही, वेगळा दर लावा. तोही पहिल्या दिवसापासून, मागाहून वाढवला तर लोक नाराज होतात. शक्य असेल तर टरफल काढायचं छोटं यंत्र बघून ठेवा, लगेच घेऊ नका.

शंकासुर
आणि उधारी? गावात गाळपाची मजुरी उधार राहणारच. 'सुगी झाली की देतो.'

तेलीआळी
आमच्याकडे मजुरीच्या बदल्यात पेंड ठेवून घ्यायची पद्धत आहे. ज्याला रोख जमत नाही त्याची पेंड आपली. दोघांनाही बरं पडतं आणि वहीत नाव चढत नाही. पेंडीचा भाव मात्र रोज फळ्यावर लिहा.

शंतनू_बार्शी
हे फारच उपयोगी. रोकड तक्त्यात पेंडीचा वेगळा रकाना करतो. एक शेवटची शंका : लोक पावसाळी ओल असलेले दाणे घेऊन आले तर परत पाठवायचे का? नाराज होतील.

तेलीआळी
परत पाठवायचे. ओल्या दाण्याला बुरशी धरते, ती विषारी असते, आणि ते तेल तुमच्या घाण्याचं म्हणून खाल्लं जातं. शेंग कानाशी हलवली की आत दाणा वाजला पाहिजे, आणि काळपट, सुरकुतलेले दाणे निवडून काढायलाच हवेत. शेडच्या बाजूला वाळवायला फरशी करून ठेवा. 'परत जा' म्हणण्यापेक्षा 'इथे दोन दिवस वाळवू, मग गाळू' म्हणा. लोक थांबतात.

पोपटराव_अभियंता
फरशी करणारच असाल तर तिला थोडा उतार द्या आणि शेडचा निचरा दुसऱ्या बाजूला काढा. यंत्राचं कोटेशन आलं की मोटारीची माहिती इथे टाका, बघून सांगतो.